सहावं तिकीट

मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५

लक्ष्मीपूजन काल की आज, यावर दोन कॅलेंडरांचं एकमत नाही, म्हणून सुलक्षणाने दोन्ही दिवस पणत्या लावल्या. मी साडेपाचला कामावरून आलो, चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि ईमेल उघडली. तिकिटांची प्रूफं आली आहेत.

आधी नोंद नीट करून ठेवतो. सेंट ऑल्विन बेटाचं टपाल खातं येत्या फेब्रुवारीत सहा तिकिटांचा संच काढणार आहे. त्या बेटावर दर दोन वर्षांनी अपंग खेळाडूंच्या स्पर्धा होतात, तिथे विक्रम केलेल्या सहा जणांच्या गौरवार्थ. ऑफसेट छपाई, एक्केचाळीस बाय तीस मिलिमीटर. डिझाइनचं काम लंडनमधल्या एका एजन्सीकडे आहे आणि तिथली हॅरिएट नावाची बाई आमच्याशी पत्रव्यवहार करते. सहावं तिकीट आमच्या अनुयाचं. शंभर मीटर बॅकस्ट्रोक, एक मिनिट बारा पूर्णांक चौतीस शतांश सेकंद.

मी अकराव्या वर्षापासून तिकिटं जमवतो. गेली बावीस वर्षं माझा एकच विषय आहे, जगभरच्या अपंग खेळाडूंची तिकिटं, एकोणीस अल्बम झाले. हाच विषय का, असं आमच्या तिकीट-क्लबातले लोक विचारतात. मी सांगतो, दुर्लक्षित आहे म्हणून. आणि आता त्या अल्बमात माझी स्वतःची मुलगी बसणार. संचाच्या पानाच्या समासात, सहाव्या तिकिटाखाली, 'फोटो: शशिकांत आपटीकर' असं छापलं जाणार, ते मी लेखी मागून घेतलंय.

प्रूफं पाहिली आणि उरलेली चकली बशीत ठेवली.

पहिल्या तिकिटावर अंध धावपटू आहे. तिच्याबरोबर दोरी धरून पळणारा जोडीदार कापून टाकलाय. दोरीचं टोक तेवढं विसरलंय, ते तिकिटाच्या कडेला हवेत लोंबतंय. दुसऱ्यावर व्हीलचेअरची शर्यत जिंकणारा माणूस छातीपासून वर, म्हणजे खुर्ची नाहीच. तिरंदाजाचा कृत्रिम पाय आहे तिथे नावाची पट्टी. चौथ्या-पाचव्याबद्दल लिहायलाही नको. आणि सहाव्यात अनुया: डावा खांदा, गळ्यात पदक, हसरा चेहरा, संपलं. अनुयाला जन्मापासून उजवा हात कोपराखाली नाही. या तिकिटावरून ते कुणालाही कळणार नाही. तिने विक्रम कशात केला तेही कळणार नाही.

सुलक्षणा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "गोड आलीय."

"गोड? ती पोहते की टूथपेस्ट विकते?"

"फोटो तूच काढलायस ना शशी."

फोटो मीच काढलाय. अनुयाचे सगळे फोटो मीच काढतो, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा देत नाही, लोकांना चौकट कळत नाही. पण मुद्दा तो नाही. मी त्यांना दोनशे बारा फोटो पाठवले होते, एकेक निवडून, रंग सुधारून, कडा कापून. त्यातून यांनी नेमका हाच का घ्यावा?


बुधवार, २२ ऑक्टोबर

कामावर जेवणाच्या सुट्टीत पत्र लिहिलं, संध्याकाळी टाईप करून पाठवलं. तीन पानं, नऊ मुद्दे.

मी कुठल्या कॉलेजात छपाई शिकलेलो नाही. कराडला बी.कॉम. केलं, सुलक्षणाला इथे लंडनजवळ वॉटफर्डच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून तिच्या व्हिसावर मागोमाग आलो आणि पहिली दोन वर्षं छापखान्याच्या गोदामात खोकी चिकटवली. पुढचं सगळं बघून बघून. आज आमच्या लेबलांच्या कारखान्यात रंग अर्ध्या मिलिमीटरने सरकलेला असला तरी शेवटी भिंग घेऊन मलाच बोलावतात. तेव्हा 'छापायच्या मर्यादा' वगैरे मला कुणी सांगू नये. हाही एक मुद्दा घातला.

संचाचं नाव 'मात' असं काहीतरी ठेवलंय, संकटांवर मात केली या अर्थी. त्याचाही समाचार घेतला. शेवटी लिहिलं की या सहा तिकिटांत मिळून एकच अपंगत्व दिसतं आणि ते डिझायनरच्या डोळ्यांचं आहे. वाक्य चांगलं जमलंय.


शनिवार, २५ ऑक्टोबर

अनुया दिवाळीसाठी मँचेस्टरहून आली आहे, उद्या परत. तिथे नोकरी आणि सराव दोन्ही चालू असतं, तिला सवड कमी. तिला पत्र वाचायला दिलं.

ती वाचत असताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सातव्या मुद्द्यापर्यंत ठीक होतं.

"बाबा, हे शेवटचं काढ."

"का? तेच तर वाक्य आहे."

"तू अपंग हा शब्द शिवीसारखा वापरलायस. डिझायनरला. माझ्या तिकिटाच्या लेटरमध्ये."

"तसा अर्थ नाही त्याचा."

"ओके, मग काय अर्थ आहे?"

मी म्हटलं की पत्र आता गेलं. ती म्हणाली, "गेलं म्हणजे? पाठवलंस? माझी नाव घालून?"

"माझं नाव," मी सुधारलं. "तुझ्या वतीने असं लिहिलंय फक्त."

"माझ्या वतीने. मी कुठे गेले होते?"

सुलक्षणाने मध्ये पडून अनारसे आणले. अनुया हातात अनारसा धरून टेबलावरच्या फोनमध्ये काहीतरी बघत बसली आणि मग तिने विषय बदलला. तिची ती सवय आहे, राग आला की शांत होते. मी पत्राच्या बाबतीत काही चूक केली असं मला वाटत नाही. अन्यायाविरुद्ध लिहायला परवानगी कसली?

तिला ते तिकीट कसं वाटलं, हे विचारायचं राहून गेलं.


गुरुवार, ३० ऑक्टोबर

आठ दिवस झाले, उत्तर नाही. मंगळवारी क्लबात प्रूफं दाखवली. सगळे म्हणाले, छान, रंगीत आहेत. चाळीस चाळीस वर्षं भिंगातून कडांची छिद्रं मोजणारी माणसं. खुर्ची कुठे आहे, असं एकानेही विचारलं नाही.

पुन्हा ईमेल केली.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

उत्तर आलं. त्यातलं जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे उद्या कुणी नाकारायला नको.

हॅरिएट लिहिते की माझं पत्र त्यांच्या पूर्ण टीमने बसून वाचलं, शेवटच्या वाक्याने डिझायनर दुखावली (ती स्वतः एका कानाने बहिरी आहे, हे मला कसं माहीत असणार), पण बाकीचे मुद्दे त्यांना पटले. 'मात' हे नाव काढलं. पाच तिकिटांचे मूळ फोटो त्यांच्याकडे पूर्ण आहेत, ते आता न कापता घेतील. दोरी धरणारा जोडीदार येईल, खुर्ची येईल, पाय येईल.

इथपर्यंत वाचून मी सुलक्षणाला हाक मारली. जिंकलो म्हणून.

पुढचा परिच्छेद: "सहाव्या तिकिटाबाबत मात्र आमची अडचण आहे. तुम्ही दिलेले दोनशे बारा फोटो आम्ही दोनदा पाहिले. एकाही फोटोत अनुयाचा उजवा हात दिसत नाही. तसा फोटो तुमच्याकडे असल्यास शुक्रवार, चौदा तारखेला दुपारी बारापर्यंत पाठवावा. न मिळाल्यास आहे तेच तिकीट छापावं लागेल."

एकाही फोटोत नाही म्हणे. दोनशे बारा फोटो, आणि या लोकांना एक सापडत नाही. बघतात तरी का? शनिवारी बसतो आणि त्यांच्या तोंडावर पन्नास फेकतो.


शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी नऊला बसलो. दोनशे बारा पाहिले, मग मागे गेलो. तीन हार्ड डिस्का, त्याआधीच्या सीडी, त्याआधीचे कागदी अल्बम. एकूण अकरा हजारांच्या वर फोटो. अनुयाचे त्यात तीन हजार सातशे साठ.

मी मोजतो, ती माझी पद्धत आहे. कागदावर रकाने पाडले. खांद्यावरून उजव्या बाजूला टॉवेल: चारशे अकरा. उजवीकडे आई, मैत्रीण, केकचं टेबल, झाड, खांब: अकराशे बावीस. शरीर डावी बाजू पुढे करून वळलेलं: आठशेच्या पुढे, तिथे मोजणं सोडलं. पाण्याचे तुषार. लांब बाहीचा स्वेटर, जून महिन्यात. आणि चौकटीची कडा नेमकी कोपराच्या वर आलेली: नऊशे छत्तीस.

ती कडा तिथे आपोआप येत नाही. कडा मी कापतो.

कापण्याआधीच्या मूळ फाइली असतील म्हणून शोधल्या. मी व्यवस्थित माणूस आहे, काम झालं की मूळ फाइल डिस्कवर ठेवत नाही, जागा अडते.

दुपारी सुलक्षणा दोनदा जेवायला बोलावून गेली.


रविवार, ९ नोव्हेंबर

याला तांत्रिक कारणं आहेत, ती लिहून ठेवतो. आमच्या जुन्या घरी बैठकीची खिडकी डावीकडे होती, त्यामुळे डावी बाजू उजेडात यायची. स्विमिंग पूलवर पालकांची बाकं ज्या बाजूला असतात तिथून एकच बाजू दिसते. शिवाय चौकटीत माणूस मधोमध ठेवू नये, हा फोटोग्राफीचा साधा नियम आहे.

हे सगळं मी सुलक्षणाला चहाच्या वेळी समजावून सांगितलं. ती ऐकून घेते, डॉक्टर आहे, तिला सवय आहे. मग म्हणाली, "तुला खरंच आत्ता दिसलं?"

"काय?"

"शशी, मला वाटत होतं की तू मुद्दाम करतोस आणि बोलत नाहीस. म्हणून मीही बोलले नाही. एकदाच बोलले, बर्मिंगहॅमला, अलकाच्या घरी. अनुया सहा वर्षांची होती. मी म्हटलं, तिला जरा सरळ उभी कर की. तू म्हणालास, उजेड त्या बाजूने येतोय."

"येत असेल."

"अलकाच्या त्या खोलीला दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत."

अलका सुलक्षणाची मैत्रीण. मी अल्बम काढून बघितलं. दोन्ही बाजूंना आहेत. फोटोत मागे पडदे दिसतात, निळे, दोन्हीकडे. आणि अनुयाच्या उजव्या बाजूला एक मोठा टेडी बेअर आहे. तो तिचा नव्हता. अलकाच्या मुलीचा होता. तो तिथे कुणी आणून ठेवला, ते मला आठवतंय.

मी उठून बागेतली पानं गोळा केली. तीन पोती भरली.


सोमवार, १० नोव्हेंबर

अनुयाला फोन केला. तिकडे थंडी किती, बस वेळेवर येते का, शेगडीचं ते बटण दुरुस्त झालं का.

"बाबा, हॅरिएटने मला सीसी केलंय," ती म्हणाली. "मला माहितेय तू का फोन केलास."

मी म्हटलं की मी तीन हजार सातशे साठ फोटो तपासले.

"आणि?"

"नाहीत."

"हं."

"तुला माहीत होतं?"

"इयर एटपासून, बारा वर्षांची होते तेव्हापासून. मी आणि मालविका त्याला शशी क्रॉप म्हणायचो." मालविका तिची शाळेतली मैत्रीण, आमच्या घरीच असायची. "कुणी माझा फोटो काढला ना, की मालविका ओरडायची, शशी क्रॉप कर, शशी क्रॉप कर. आणि मी खांबाच्या मागे जाऊन उभी राहायचे."

"हसायच्या का तुम्ही?"

"मग काय करणार?"

मग मी तिला सांगितलं. ती तीन वर्षांची असताना इथे वॉटफर्डच्या शॉपिंग सेंटरमध्ये एक बाई वाकून तिच्या हाताकडे बघून म्हणाली, बिचारी. दोन मिनिटं बघत राहिली. तेव्हापासून मी नेहमी अनुयाच्या उजव्या बाजूने चालायला लागलो, म्हणजे मध्ये मी येईन. फोटोंचंही तसंच झालं असेल. तिला कुणी बघत राहू नये, एवढंच.

 

"पण बाबा, ते फोटो कोण बघणार होतं? ते आपल्या घरातच होते. तू, आई आणि आजी."

 

मी म्हटलं, "तुझ्याकडे तर असतील ना फोटो? तुझ्या पोहण्याच्या क्लबाचे, फोनवरचे. हॅरिएटला एक पाठवून दे."

"आहेत. ढीग आहेत. नाही पाठवणार."

"का?"

"पानावर तुझी नाव येणार आहे ना? फोटो बाय शशिकांत. तू लेखी घेतलंयस. मग तू काढ. नाहीतर मी तिकिटाच्या परवानगीच्या फॉर्मवर साइन नाही करत, पाचच तिकिटं निघू देत. मी सिरियस आहे बाबा."

"शुक्रवार शेवटचा दिवस आहे."

"मी बुधवारी साडेसहाला पाण्यात असते. सकाळी."

तिचं 'तुझी नाव' मी या वेळी सुधारलं नाही.


बुधवार, १२ नोव्हेंबर, परतीच्या ट्रेनमध्ये

काल रजा टाकून मँचेस्टरला आलो, अनुयाच्या फ्लॅटवर सोफ्यावर झोपलो. सकाळी सहाला ती पुढे सायकलवर आणि मी बसने.

पूलच्या दारात एका पोरसवदा जीवरक्षकाने माझा कॅमेरा बघून हात आडवा केला. इथे फोटो काढायला मनाई आहे. मी म्हटलं, माझी मुलगी आहे. तो म्हणाला, सर, सगळेच असं म्हणतात. सगळेच म्हणजे कोण? मी त्याला सांगितलं की मी या देशात सव्वीस वर्षं कर भरतोय आणि माझ्या मुलीवर टपाल तिकीट निघतंय. त्याने ड्युटी मॅनेजरला बोलावलं. ती फॉर्म घेऊन आली. कशासाठी फोटो, कुठे वापरणार, फोटोतल्या व्यक्तीशी नातं काय. 'कशासाठी' या रकान्यात दोन ओळींची जागा होती. मी मागच्या बाजूला लिहायला लागलो तेव्हा ती म्हणाली, एक ओळ पुरे आहे. 'मुलीचा फोटो काढण्यासाठी' असं लिहिलं. तिने सही केली आणि गळ्यात अडकवायला पिवळा बिल्ला दिला. यात माझी वीस मिनिटं गेली. मुलांच्या सुरक्षेसाठी नियम हवेत, मान्य, पण माणूस बघून.

आत गेलो तर अनुया पाण्यात होती. कडेशी आली, गॉगल वर केला. "दहा मिनिटं आहेत बाबा. मग माझा मेन सेट आहे, मग थांबता येणार नाही."

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सगळं पांढरं. बाहेर दोन अंश, आत उबदार दमट हवा, काचेवर धुकं धरलं. तीस वर्षं कॅमेरा हाताळणाऱ्या माणसाने तो पिशवीत गुंडाळून आणायला हवा होता, हे नवशिक्यालाही कळतं. पुसलं, पुन्हा धरलं. पुसून उपयोग नसतो, भिंगाला हवेइतकं गरम व्हावं लागतं. एवढा राग मला हॅरिएटचाही आला नव्हता.

"झालं का?" अनुया म्हणाली.

"धुकं आहे काचेवर."

"ओके. मी जाते मग." आणि गेली.

कॅमेरा मांडीवर घेऊन बाकावर बसलो. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बघत बसलो.

तिच्या वेळा मला शंभराव्या भागापर्यंत पाठ आहेत, बारा वर्षांच्या, स्पर्धेनिशी. घड्याळाकडे बघायचो मी, आणि मग कॅमेऱ्यातून. नुसतं असं कधी बघितलं नव्हतं. आज लिहितो ते कामावर लिहितो तसं लिहितो, बघितलं तेवढंच.

डावा हात पाण्यात जाताना करंगळी आधी जाते. उजवा हात कोपराच्या खाली बोटभर येऊन संपतो, टोक गोलसर आहे, आणि टोकाशी एक आडवी बारीक खळी आहे. ती खळी ती जन्मली तेव्हा नर्सने दाखवली होती, त्यानंतर मी आज पाहिली. उजवा हात आखूड असल्यामुळे लवकर फिरून येतो, पण ती त्याला घाई करू देत नाही, वरती क्षणभर थांबवते, डावा येईपर्यंत. मला वाटायचं ती बाजू कमी काम करते. तसं नाही. त्या खांद्यामागचा स्नायू डाव्यापेक्षा जाड आहे. एक हात लांब ओढतो, एक आखूड, आणि तरीही ती लेनच्या दोरीला समांतर सरळ जाते, कारण उजव्या पायाची लाथ दर तिसऱ्या वेळी जराशी बाहेर जाते. हे तिला कुणी शिकवलं की तिने स्वतःच शोधलं, मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं कधी. शेवटी भिंत आली की ती जो हात येईल तो लावते. दोनदा डावा आला, नंतर चार वेळा उजवा. उजवा आला की हातभर जास्त अंतर कापावं लागतं. गेल्या वर्षी शेफील्डला ती आठ शतांशांनी हरली तेव्हा मी गाडीत वॉटफर्डपर्यंत तिला वळण्यातल्या चुकांवर बोललो होतो. तेव्हा भिंतीला कुठला हात लागला होता? मला सांगता येत नाही. मी तिथे होतो, फोटो काढत होतो.

चाळीस मिनिटांनी ती कडेला आली. "बाबा, रडतोयस का?"

"क्लोरीन आहे."

"बरं. काच साफ झाली का?"

झाली होती.

"मी स्टार्ट घेते. तू लेनच्या टोकाला ये. इकडे, या बाजूला. अजून. बाबा, अजून उजवीकडे ये."

मी गुडघ्यावर बसलो. फरशी ओली होती, पँट भिजली. तिने डाव्या हाताने उडीच्या ठोकळ्याची दांडी धरली, उजवा हात भिंतीला टेकवला, पाय दुमडून वर ओढली गेली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी उजवा हात चौकटीत आहे का ते तपासलं. मग पुन्हा तपासलं.

"काढ ना. मी लटकलेय इथे."

तीन काढले. तिसऱ्याला तिने उडी मारली होती, तो हलला. पहिला तिरका. दुसरा बरा आहे. त्यात तिचं तोंड अर्धवट उघडं आहे, कारण ती मला ओरडत होती, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात शेजारच्या लेनमधल्या कुणाचा तरी पाय आलाय. तिने कॅमेऱ्यात बघून सांगितलं, हा.

"पाय कापतो," मी म्हटलं.

"काही कापू नकोस."

सुलक्षणाला फोटो पाठवला. तिचं अजून उत्तर नाही, ओपीडी चालू असेल.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

फोटो काल रात्रीच हॅरिएटला पाठवला. डिझायनरची माफी मागणारं वेगळं पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं झालं. आधी दीड पानाचं होतं, पण त्यात मी माझंच वाक्य पुन्हा समजावून सांगत होतो, तेवढं काढलं.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी दहा चाळीसला हॅरिएटची ईमेल. फोटो सगळ्यांना फार आवडला. फक्त एक लहानशी बाब. या संचात किंमत आणि राजाचं चिन्ह प्रत्येक तिकिटावर खाली उजव्या कोपऱ्यात आहे, आणि या फोटोत ते नेमकं अनुयाच्या कोपरावर येतंय. त्यामुळे चौकट जराशी आत घेऊन चेहरा आणि खांदा ठेवला तर चालेल का? बारापर्यंत कळवावं.

कामावर होतो.  मशीनच्या आवाजात उभ्या उभ्या फोनवर लिहायला लागलो. तिकीट छपाईचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास, कुठल्या कुठल्या देशांनी किंमत कुठे छापली, माझ्या एकोणीस अल्बमांतली उदाहरणं अल्बम आणि पान क्रमांकासह, त्यांच्याच बेटाने पूर्वी काढलेले दोन संच. अकरा वीसला बघितलं तर पत्र संपत आलं होतं. खाली लिहिलं होतं, माझ्या मुलीच्या वतीने.

ते पाठवलं नाही. अनुयाला फोन लावला. ती कामावर होती, कुजबुजत बोलत होती. मी ईमेल वाचून दाखवली.

"मग?" ती म्हणाली.

"तू सांग."

"मी काय सांगू? तुला लिहायचंय ना लेटर."

"लिहायचंय. पण तुझं तिकीट आहे. हो म्हणायचं असेल तर हो म्हण, मी काही बोलणार नाही."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली, ती म्हणाली, वन मिनिट. मग मला म्हणाली, "नाही म्हण. पण छोटं लिही बाबा. प्लीज. नंबर घालू नकोस मुद्द्यांना."

अकरा सत्तेचाळीसला पाठवलं: "अनुया नाही म्हणते. किंमत आणि चिन्ह डावीकडे, त्या पायावर घ्यावं."

बारा वाजून गेले. बारा दहा झाले. मी लेबलांचा एक पूर्ण रोल न बघताच पास केला, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. परत मागवून तपासला.

बारा बावीसला उत्तर आलं. डिझायनरनेच लिहिलं होतं, पहिल्यांदा. किंमत डावीकडे घेतली आहे, पाय झाकला गेला, फोटो आहे तसा राहील. मात्र बाकीची पाच तिकिटं छपाईला गेली आहेत, ती बदलता येणार नाहीत. सहाव्याची किंमत एकट्याचीच दुसऱ्या बाजूला येईल. संच एकसारखा दिसणार नाही, याची कल्पना असावी.

कल्पना आहे. पाच तिकिटांवर उजवीकडे आणि एकावर डावीकडे, असा संच कुणाच्याही डोळ्याला पहिल्याच नजरेत खुपेल. आमच्या क्लबातला कुणीतरी फेब्रुवारीत नक्की तक्रारीचं पत्र लिहील. लिहू दे. मी अनुयाला फोन केला आणि सांगितलं, सही कर.